पळसपाड्याचा खोटा दवाखाना

९ जानेवारी १९८९, सोमवार

उभी हयात जकात नाक्यावर, लोकांच्या ट्रकमध्ये काय दडलंय ते ओळखण्यात गेली. आता निवृत्त झालो तर सेवा मंडळाने गळ्यात नवं लोढणं बांधलं. वडप्याच्या पुढे माळावर पळसपाड्याची माणसं आणून वसवली आहेत. त्यांचं डोंगरातलं गाव धरणाच्या पाण्यात गेलं. सरकारी कागदात ती 'प्रकल्पग्रस्त', वडप्याची मंडळी त्यांना 'निर्वासित' म्हणतात, आणि त्यांना स्वतःला विचारलं तर 'आमी पळसपाड्याची'. ह्या लोकांना भिवंडीतल्या सरकारी दवाखान्याची सवय लावायची, हे माझं काम. डोंगरात त्यांना दवाखाना नव्हता. इथे आहे, पण कोणी फारसं जात नाही, आणि जातं ते बरं होत नाही असं मंडळाच्या चिटणिसांचं म्हणणं.

सुमती म्हणाली, "स्वतः कधी डॉक्टरची पायरी चढला नाहीत, आणि दुसऱ्यांना चढवणार!" मी म्हटलं, मला काही झालंच नाही तर कशाला चढू? उलट ह्या वर्षी पँट चांगली सैल झाली आहे. हिंडण्याफिरण्याचा गुण.

१४ जानेवारी

संक्रांत. मोरीत मुंग्यांची रांग लागली आहे. तिळगूळ मोरीत कोणी नेला हे सुमती कबूल करत नाही.

१७ जानेवारी

पळसपाड्याला जाऊन आलो. पत्र्याच्या घरांच्या रांगा, झाड औषधालाही नाही. पुरुष हमालीला जातात, बायका लूमच्या शेडमध्ये सुताच्या कांड्या भरतात. सोमा भगत म्हणून एक म्हातारा आहे. डोंगरात सगळ्या गावाची दुखणी हाच बघायचा. इथे तो एका शेडवर वॉचमन आहे आणि खाकी टोपी कानांपर्यंत घालतो. जानू नावाच्या बाईच्या ओट्यावर बसलो. काडीसारखी बाई, खोकत खोकत पाणी दिलं. तिची जाव कमळ तिच्या दुप्पट, खणखणीत. त्यांच्या माठातलं पाणी इतकं गोड की मी सबंध कळशी संपवली. दोघी जावा माझ्याकडे बघत राहिल्या. मोठा माणूस आपल्याकडचं पाणी प्याला याचं अप्रूप असणार.

चालून चालून चपलेने उजव्या अंगठ्याला चावलं आहे.

२० जानेवारी, शुक्रवार

आज दवाखान्यात काय तमाशा झाला! लूमची सुट्टी शुक्रवारी असते, म्हणून पळसपाड्याची पहिली तुकडी आज एसटीने नेली. डॉ. सुचेता टिपणीस म्हणून तरुण बाई आहेत. पहिला नंबर सोमा भगताचा. टोपी काढून स्टुलावर बसला, फडक्यातून मूठभर तांदूळ टेबलावर ओतले आणि म्हणाला, "सातवा महिना हाय. पायाला सूज हाय."

डॉक्टरीणबाईंनी त्याचे पाय बघितले. वाळल्या शेंगेसारखे. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं.

"कुणाला सातवा महिना?"

"मंदीला."

"मग मंदा कुठाय?"

"ती घरी हाय. तिला बरं न्हाय ना."

मागे रांगेत लूमवर काम करणारा एक मागवाला भय्या उभा होता, तो म्हणाला, "चाचा, बच्चा आपको होगा कि उसको?" सगळा व्हरांडा हसला. सोमा हसला नाही. त्याने तांदळाचे दाणे बोटाने सरकवून डॉक्टरीणबाईंच्या पुढ्यात केले आणि, "बघा, बाय," म्हणाला. पुढच्याही सगळ्यांचं हेच. ताप पोराला, आला मामा. दाढ सासूची, आ करून बसली सून. औषधं मात्र सगळ्यांनी नेली.

डॉक्टरीणबाई भल्या. मंदासाठी संध्याकाळी नर्स पाठवली.

२१ जानेवारी

खुलासा झाला. सोमाच म्हणाला, "भाऊसाहेब, आपलं दुखणं आपल्या तोंडानं सांगायचं न्हाय. सांगितलं का त्याला वाटतं, आपल्याला बोलावलं. मंग तं घर करतं." म्हणून पळसपाड्यात आजारी माणूस घरी राहतो. त्याच्यावरून तांदूळ ओवाळायचे आणि दुसऱ्याने ते घेऊन भगताकडे जायचं. भगत दाणे बघणार, ऐकणार, उपाय सांगणार. डॉक्टरकडेही तेच! म्हणजे इतके दिवस दवाखान्याने ठणठणीत माणसं तपासली.

मी कपाळाला हात लावला. एवढं अडाणीपण ह्या काळात?

अंगठ्याला पू झाला आहे. सुमतीला मेडिकलवाल्याकडे पाठवलं, शेजाऱ्यांच्या अंगठ्यासाठी मलम हवंय म्हणून सांग म्हटलं. उगाच माझं नाव कशाला.

१ फेब्रुवारी

युक्ती सुचली! नाटक.

गणपतीच्या नाटकांत मी उभ्या आयुष्यात भालदारच झालो. 'जी सरकार' एवढंच वाक्य, तेही एकदा विसरलो. पण तालमी पाहिल्यात. ज्याला दवाखान्याची भीती वाटते त्याच्याकडून दवाखान्याची तालीम करून घ्यायची. पाड्याच्या समाजमंदिराची शेड रिकामीच आहे. केसपेपरची खिडकी, बाक, डॉक्टर, औषधाची खिडकी, सगळं उभं करू. सायकलची ट्यूब आणि रॉकेलचं नरसाळं जोडून स्टेथोस्कोप केला. सोमाला कंपाउंडर नेमला. लिमलेटच्या गोळ्या देईल. डॉक्टरचं काम मलाच करावं लागणार. दुसरं कोण आहे?

३ फेब्रुवारी, शुक्रवार

काय प्रयोग झाला!

सुरुवातीला कोणी स्टुलावर बसेना. मी ओरडलो, "स्वतःचं दुखणं स्वतः सांगायचं! हाच धडा आहे!" मग जानू पुढे आली.

"भाऊसाहेब, हे खोटं ना?"

"साफ खोटं."

"दाक्तर खोटा?"

"अगं, मी जकातीचा माणूस, मी कसला डॉक्टर!"

"आन गोळ्या?"

"लिमलेटच्या."

तिने मागे वळून सोमाकडे बघितलं. सोमाने पुष्कळ विचार केला आणि म्हणाला, "खोट्याला खोटं सांगितलं तं दुखण्याला कसं कळंल? सांग."

मग बाई बसली, आणि तोंड उघडलं. खोकला दिवाळीच्या आधीपासून. संध्याकाळी अंगात बारीक ताप येतो. पाठीत कळ येते. भाकर गोड लागत नाही. चोळी अंगावर राहत नाही. आणि काय खोकली! मी इतकी वर्षं नाटकं बघितली, असा खोकला रंगभूमीवर ऐकला नाही. मी नरसाळं छातीला लावलं तर आत खरखर ऐकू आल्याचा भास झाला. ह्याला म्हणतात भूमिकेत शिरणं! मंडळाच्या वतीने उत्कृष्ट अभिनयाचा स्टीलचा पेला तिला तिथल्या तिथे दिला. बाकीच्यांचीही मग भीड चेपली. मंदाने सुजलेल्या पायांचं काम छान केलं, खास पाय सुजवून आली होती.

१७ फेब्रुवारी

प्रयोगाला राहनाळ आणि दापोड्याहून माणसं येऊ लागली. आज रांग शेडच्या बाहेर गेली आणि नंबरावरून दोघांची हातघाई झाली. मी ओरडून सांगितलं, हा दवाखाना नकली आहे! एक मागवाला कापसाने माखलेला तसाच उभा होता. म्हणाला, "नकली है तो क्या हुआ, बाबूजी, सुनता तो है." सोमाच्या लिमलेटने त्याची डोकेदुखी गेली म्हणे.

डॉ. टिपणीसांचा निरोप आला, वडप्याच्या बाजूचे पेशंट एकदम कमी का झाले? मी कळवलं, प्रशिक्षण चालू आहे.

सुमती आज प्रयोग बघायला आली होती. घरी आल्यावर म्हणाली, "अहो, ती जानू नाटक करत नाही हो."

मी म्हटलं, "तुला अभिनयातलं काय कळतं?"

पण जेवताना डोळ्यांसमोर त्या बाईच्या गळ्याची हाडं येत राहिली. तिला काही झालं तर? खातरजमा करून टाकावी.

२४ फेब्रुवारी

खातरजमा झाली. देवाची कृपा.

जानूला खऱ्या दवाखान्यात नेलं. कमळ सोबतीला. बजावून सांगितलं होतं, स्वतः सांगायचं, स्वतः तपासून घ्यायचं. नाव पुकारलं तेव्हा दोघी पदर डोक्यावर ओढून उठल्या. माझा अंगठा ठणकत होता म्हणून मी चप्पल काढून बाहेर पायरीवर बसलो. परत आत आलो तर जानू बाकावर खोकत बसलेली आणि कमळ एक्स-रेच्या खोलीतून ब्लाउजची बटणं लावत बाहेर येत होती. किती प्रेमळ बाई! जावेला आत लाज वाटू नये म्हणून हिनेही कपडे सैल केले असणार.

दुपारी सांगितलं, एक्स-रे आरशासारखा स्वच्छ. प्रकृती उत्तम, थोडं वजन कमी करा. मला हसू आलं. काडीच्या बाईला वजन कमी करा म्हणे. डॉक्टर लोक सवयीने बोलतात.

पेढे घेऊन गेलो. मीच जास्त खाल्ले. सुमतीला म्हटलं, बघ, म्हणे नाटक करत नाही!

१० मार्च

जानूचा अभिनय आता हाताबाहेर चालला आहे. कमळ सांगत होती, शेडमध्ये कांड्या भरतानाही खोकते. म्हणजे तिथेही तालीम! आज तर पदराला लाल डाग लावून आली. मी कानात सांगितलं, कुंकू जास्त झालं, मागच्या बाकावरूनसुद्धा दिसतंय. ती माझ्याकडे बघून हसली आणि पदराचं टोक मुठीत धरलं.

मनात पाल चुकचुकली, खोटं का बोलू? पण एक्स-रे स्वच्छ आहे. विज्ञानावर विश्वास ठेवायचा नाही तर कशावर?

मुंग्या हटत नाहीत. लक्ष्मणरेषेचा सबंध खडू मोरीत संपवला. गूळ घरात नाही, साखर डब्यात बंद, तरी मेल्या माझ्या मागोमाग मोरीत शिरतात.

१७ मार्च, शुक्रवार

आजचं कसं लिहू कळत नाही.

मीच हौसेने डॉ. टिपणीसांना प्रयोगाचं निमंत्रण दिलं होतं. त्या आल्या. लोकांनी त्यांना ओळखलं नाही, पांढरा कोट नव्हता. मी म्हटलं, आज डॉक्टरचं काम ह्या बाई करतील. लोक नाराज झाले. दोघा-तिघांना तपासून झालं तेव्हा सोमा मला बाजूला घेऊन म्हणाला, "हिला जमत न्हाय, भाऊसाहेब. घाई करते. तुमी बेस करता."

मग जानू बसली. तिने आपलं नेहमीचं सांगितलं. बाईंनी नरसाळं बाजूला ठेवलं, पिशवीतून स्वतःचा स्टेथोस्कोप काढला आणि पाठीला लावला. खूप वेळ ऐकलं.

"काका, हिला माझ्याकडे का नाही आणलंत?"

"आणली होती की! ही जानू. एक्स-रे स्वच्छ निघाला."

"जानू? मी तपासली ती जानू चांगली धट्टीकट्टी होती."

कोपऱ्यात कमळ उभी होती. ती सरळपणे म्हणाली, "ती मी. दुखणं हिचं, सांगाया मी गेलते. खऱ्या दवाखान्यात तिनं कसं सांगायचं?"

शेडमध्ये कोणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. मला मात्र पायाखालचा माळ सरकल्यासारखं झालं. त्या पदरावरचं कुंकू! आणि मी तिला पेला दिला. पेढे खाल्ले. बाई दर शुक्रवारी माझ्यासमोर बसून मरणाची वाट सांगत होती आणि मी तिला मार्क देत होतो.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बहुतेक क्षय. थुंकी तपासायला हवी, एक्स-रे हवा, दोन्ही तिचेच. औषध नीट घेतलं तर बरी होईल. उशीर केलात तर माझ्या हातात काही नाही.

मी म्हटलं, उद्याच. जानू म्हणाली, "न्हाय."

"अगं मरशील!"

"इथं बोलले तं ठीक हाय. खऱ्या दाक्तराला मी न्हाय सांगायची. तं घर करंल."

मी संतापलो. शिकवलेलं सगळं पाण्यात! इतकी समजावली, इतका घसा फोडला, तुम्हाला स्वतःच्या तोंडाने एवढंसं बोलायला काय धाड भरते? ती शांतपणे ऐकत होती. खोकल्याची उबळ गेल्यावर तिने माझ्या पायाकडे बोट केलं.

"भाऊसाहेब, तुमचा अंगठा संक्रांतीपासनं बांधल्याला हाय. कळशी कळशी पानी पिता. तुमी कुनाला सांगितलं?"

"मला काही झालेलं नाही."

"मंग मलाबी न्हाय."

सोमा म्हणाला, "बराबर हाय."

जानू उठता उठता म्हणाली, "आधी तुमी सांगा. खऱ्या दाक्तराला, माझ्या देखत. तुमच्या अंगात घर न्हाय केलं, तं मी सांगीन." डॉक्टरीणबाई माझ्या अंगठ्याच्या चिंधीकडेच बघत होत्या. मी पाय स्टुलाखाली घेतला.

२० मार्च

गेलो नाही.

मला काय झालंय की मी सांगू? सुमतीने मलम लावलं. ती म्हणाली, "मेडिकलवाला विचारत होता, शेजाऱ्यांना साखर आहे का?" मी म्हटलं, शेजाऱ्यांना विचार.

२३ मार्च

खरं लिहितो, इथे कोण वाचतंय. मला भीती वाटते. अंगठा काळसर दिसू लागला आहे. डॉक्टरांनी नाव सांगितलं की ते माझं होणार. सांगितलं नाही तोवर ती नुसती चपलेची जखम आहे. हे लिहिलं आणि थांबलो. हेच तर सोमाने सांगितलं होतं, आणि मी अडाणीपण म्हणालो होतो.

कमळ आली होती निरोप घेऊन. जानू कालपासून कांड्या भरायला गेलेली नाही. उठवत नाही तिला.

२७ मार्च, सोमवार

सकाळी जानूला टेम्पोतून आणलं. कमळ, सोमा आणि सुमतीही बरोबर. खऱ्या स्टुलावर मी बसलो. समोर खऱ्या डॉक्टरीणबाई, शेजारच्या बाकावर जानू, मागे रांगेत निम्मी भिवंडी.

"काय होतंय, काका?"

त्या दिवशी नाटकात 'जी सरकार' विसरलो होतो तस्सं झालं. सोमाला दया आली असावी. तो पुढे झाला आणि मुठीतले तांदूळ टेबलावर ठेवून म्हणाला, "ह्यांच्या पायाला—"

"थांब सोमा," मी म्हटलं. "माझं मी सांगतो."

आणि सांगितलं. अंगठ्याची जखम भरत नाही. तहान भागत नाही. रात्रीतून पुष्कळदा उठावं लागतं. पँट गळते. मोरीत मुंग्या लागतात.

"मुंग्या?" बाईंनी मान वर केली.

"माझ्या मागोमाग येतात," मी म्हटलं. मागे सुमती पदर तोंडाला लावून उभी होती. कोणी हसलं नाही.

बाई म्हणाल्या, साखर असणार, रक्त-लघवी तपासू, अंगठा आजच साफ करू, वेळेत आलात म्हणून वाचेल. मी जानूकडे बघितलं. ती मला वरपासून खालपर्यंत न्याहाळत होती, काही घर करतंय का ते. मग सोमाकडे बघितलं. त्याने तांदळाचे दाणे पुन्हा पुन्हा सरकवले आणि मान हलवली.

ती स्टुलावर येऊन बसली. हळूहळू, थांबत थांबत, पण सगळं तिने सांगितलं, रक्तसुद्धा. मग एक्स-रेच्या खोलीतून शिपायाने पुकारा केला, "जानू कोण?"

कमळ सवयीने उठायला लागली. जानूने तिचा हात धरून तिला खाली बसवलं आणि भिंतीला धरून स्वतः उठली.

"मी," म्हणाली.

४ एप्रिल

तिचा क्षय नक्की झाला. माझी साखरही. रोज सकाळी ती इंजेक्शनच्या रांगेत, मी ड्रेसिंगच्या. पेढे बंद. सुमतीने चहासुद्धा अगोड केला आहे, आणि शेजाऱ्यांच्या अंगठ्याची चौकशी मात्र रोज करते.

२६ मे, शुक्रवार

बऱ्याच दिवसांनी प्रयोग केला. अंगठा शाबूत आहे, चप्पल मऊ घेतली. मोरीत आठवडाभर मुंगी दिसली नाही. आज एकच दिसली, ती वाट चुकलेली असावी.

लोकांच्या आग्रहाने जानूला पुन्हा खोकणाऱ्या बाईचं काम दिलं. कालपर्यंतची उत्कृष्ट नटी! स्टुलावर बसली, छातीला हात लावला, जोर केला, आणि खोकला येईना. दोनदा 'खुक् खुक्' केलं, ते पोरासोरांच्या नाटकातल्यासारखं. भाकर गोड लागत नाही म्हणताना गाल वर आलेले. अगदी टाकाऊ काम झालं. डॉक्टरीणबाई मागच्या बाकावर बसल्या होत्या, त्यांनाही हसू आवरेना.

मी भर सभेत तिला नापास केलं. म्हटलं, असला अभिनय असेल तर स्टीलचा पेला परत दे. ती म्हणाली, "द्येत न्हाय." मग नरसाळं सोमाच्या हातात देऊन मी शेडच्या मागे गेलो आणि डोळे पुसून आलो.